मशीन मध्येच बंद पडतं आणि आपोआप सुरू होतं, तेव्हा दोष कुठे शोधायचा?



आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही वर्गात विचारून बघा. कोणाच्या घरी हॉटेल आहे, खानावळ आहे, चहाचं कँटीन, पिठाची गिरणी, खव्याची भट्टी आहे? तुळजापुरात देवीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांवर कितीतरी घरांच्या चुली पेटतात, तिथे भराभर हात वर होतील. भूम, वाशी भागात खव्याचे हात जास्त. या मुलांना वीज शिकवताना आपण सेल, बल्ब आणि दोन वायरी एवढ्यावरच थांबलो, तर त्यांच्या घरच्या खऱ्या प्रश्नाला हातच लागत नाही. म्हणून आजचा पाठ जरा वेगळा आहे. तो पालकांनीही वाचावा, विशेषतः ज्यांचं पोट अशा मशीनवर आहे त्यांनी.

प्रश्न असा आहे. भटारखान्यातलं मशीन, म्हणजे ओला ग्राइंडर म्हणा, डीप फ्रीज म्हणा, पाण्याचा बॉयलर किंवा खवा घोटायचं यंत्र म्हणा, चालता चालता मध्येच बंद पडतं. खोलीतला बल्ब मात्र चालू असतो. कोणी बटण वर-खाली करतं, कोणी पिन हलवतं, आणि पाच-दहा मिनिटांनी मशीन पुन्हा सुरू होतं. मिस्त्रीला बोलावलं की त्याच्यासमोर अगदी शहाण्यासारखं चालतं. दवाखान्यात नेल्यावर ताप उतरलेल्या पोरासारखं! मिस्त्री काहीतरी एक पार्ट बदलतो, पैसे घेतो, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

यात नुकसान किती होतं ते खव्यावरून बघा. म्हशीच्या एक लिटर दुधाचा साधारण २०० ते २५० ग्रॅम खवा निघतो. कढईत ५० लिटर दूध असेल तर तो दहा-बारा किलो खव्याचा माल झाला. दूध आटत आलेलं असताना घोटणारी मोटर थांबली, खाली जाळ तसाच राहिला आणि कोणाचं लक्ष नसलं, तर थोड्याच वेळात तळाला लागतं. करपल्याचा वास एकदा लागला की तो सगळ्या घाण्याला लागतो. डीप फ्रीजचं दुखणं उलटं असतं. तो बंद पडलेला कोणाला कळतच नाही, आणि सकाळी झाकण उघडल्यावर कळतं तेव्हा माल गेलेला असतो.

आधी प्रश्न बदला

कायमचा बंद पडलेला दोष शोधणं सोपं असतं. वायर तुटली, फ्यूज उडाला, दिसतंच. येणारा-जाणारा दोष अवघड, कारण आपण शोधायला जातो तेव्हा तो घरी नसतो. अशा दोषाला "कोणता पार्ट खराब झाला?" असं विचारून उत्तर मिळत नाही. "केव्हा बंद पडतं?" असं विचारलं की मिळतं. माझ्या मते निम्मं निदान या 'केव्हा'मध्येच आहे, आणि त्यासाठी मीटरही लागत नाही, पेचकसही लागत नाही. एक वही आणि पेन लागतो.

मशीनच्या शेजारी खिळ्याला एक वही टांगा. मशीन बंद पडलं की एवढंच लिहायचं : तारीख आणि घड्याळातली वेळ, मशीन सुरू करून किती मिनिटं झाली होती, त्या वेळी दुसरं काय काय चालू होतं, दिवे मंद झाले का किंवा जास्त पेटले का, वास किंवा 'चर्र' असा आवाज आला का, आणि परत सुरू कसं झालं. आपोआप, बटण पाडून वर केल्यावर, की पिन हलवल्यावर? आठ दिवस लिहा. घरात सातवी-आठवीचं पोरगं असेल तर हे काम त्यालाच द्या. विज्ञानात निरीक्षण आणि नोंद म्हणतात ते हेच.

वीज येते कोणत्या वाटेने

आता वाट समजून घेऊ. गावातल्या डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, खांबावरच्या तारा निघतात. खांबावरून सर्व्हिस वायर घरी येते, मीटरला जाते, तिथून मेन स्विच, मग एमसीबी, मग भिंतीतली वायर, बोर्ड, सॉकेट, मशीनची पिन, मशीनची वायर, मशीनचं बटण आणि शेवटी मोटर किंवा कॉइल. ही झाली जायची वाट. मोटरमधून निघून न्यूट्रलच्या वायरने पुन्हा डीपीपर्यंत परत यायची वाटही तेवढीच लांब. ही परतीची वाट लोक विसरतात. वर्गात बल्ब लावताना मुलं एकच वायर जोडतात आणि "सर, लागंना" म्हणतात ना, तसंच.

एवढ्या लांब वाटेवर दोष शोधायचा कसा? नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? आधी शेजारणीला हाक मारतो, "तुमच्याकडं आलंय का ओ?" तिच्याकडे आलं असेल तर दोष आपल्या घरात, नसेल तर पुढे. विजेचंही तसंच. मशीन बंद पडलं त्या क्षणी बघा, शेजारची लाईट गेली का? आपल्या घरातले दिवे गेले का? त्याच बोर्डावरचं दुसरं काही चालतंय का? तेच मशीन वेगळ्या वायरिंगच्या बोर्डावर लावलं तर तिथेही बंद पडतं का? प्रत्येक प्रश्नाला अर्धी वाट बाद होते. चार प्रश्नांत तुम्ही डीपीपासून एका सॉकेटपर्यंत येऊन पोचता. मशीन उघडायची वेळ त्यानंतर येते, आणि बऱ्याचदा येतही नाही.

गरम झाल्यावर बंद पडणारं मशीन

वहीत असं दिसलं की मशीन सुरू करून पंधरा-वीस-पंचवीस मिनिटांनीच बंद पडतं आणि थोडं थांबल्यावर आपोआप चालू होतं, तर दोषाचा संबंध उष्णतेशी आहे. भटारखान्यात माझा पहिला संशय नेहमी इथेच जातो. त्यातही मोटरच्या आधी पिन आणि सॉकेटवर.

कारण समजून घ्या, हाच या पाठाचा गाभा आहे. दहावीच्या पुस्तकात ज्यूलचा नियम आहे. वाहकात निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दुप्पट तर उष्णता चौपट. आता एक साधा हिशोब करा. सॉकेटमध्ये पिन घट्ट बसली असेल तर त्या जोडाचा रोध नगण्य असतो, समजा ०.००५ ओहम. १५ अँपिअर करंट गेला तर १५ गुणिले १५ गुणिले ०.००५, म्हणजे एक वॉटच्या आसपास उष्णता. काहीच नाही. पण सॉकेट सैल झालं, त्यावर तेलकट काजळी बसली आणि रोध वाढून ०.५ ओहम झाला, तर? १५ गुणिले १५ गुणिले ०.५, म्हणजे सव्वाशेच्या जवळ, ११२ वॉट. जुन्या ६० वॉटच्या दोन बल्बांची उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडली म्हणा. प्लास्टिक पिवळं पडून वितळणार नाही तर काय होईल!

पुढे काय होतं? धातू तापला की प्रसरण पावतो. सॉकेटमधली पितळी पत्ती वारंवार तापून तिचा ताण जातो, पकड ढिली होते. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर वीज नीट जाऊ देत नाही. रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. एका क्षणी जोड तुटतो, मशीन थांबतं. करंट थांबला की जोड थंड होतो, धातू आकसतो, परत टेकतो. मशीन सुरू! लोकांना वाटतं मोटरला विश्रांती मिळाली म्हणून चालली. विश्रांती पिनेला मिळालेली असते.

माझ्या माहितीतल्या तुळजापुरातल्या एका खानावळीत हेच झालं होतं. इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर मध्येच मान टाकायचा. आधी कपॅसिटर बदलला, मग बटण बदललं, मग "मोटरच जळायला आलीय, नवीन घ्या" असा सल्ला मिळाला. नवरात्र तोंडावर होतं. नव्या ग्राइंडरसाठी पैशांची जुळवाजुळवही सुरू झाली होती. मालकीणबाईंच्या मुलीने आठ दिवस वही लिहिली. त्यात दोन गोष्टी दिसल्या. ग्राइंडर सकाळच्या पहिल्या घाण्याला कधीच थांबत नव्हता, दुसऱ्यालाच थांबायचा. आणि त्याच बोर्डावर मोठा मिक्सर चालू असेल त्या दिवशी लवकर थांबायचा. ग्राइंडर थांबल्यावर तिने बटण बंद करून पिन काढली तर पितळी दांडी हाताला चटका देण्याइतकी गरम. वायरमनने मेन बंद करून बोर्ड उघडला, तर सॉकेटच्या मागे न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि वायरीचं आवरण तपकिरी होऊन कडक झालेलं. सॉकेट बदललं, जळका तुकडा कापून नवीन टोक घट्ट बसवलं, मिक्सरला वेगळा पॉइंट दिला. ग्राइंडर तोच आहे.

भटारखान्यात हे घरापेक्षा जास्त का होतं? फोडणीचा धूर, तेलाची वाफ, पिठाची धूळ हे सगळं बोर्डाच्या फटीतून आत जाऊन बसतं. शिवाय पिन दिवसातून दहा वेळा काढ-घाल होते, वायर ओढून पिन काढली जाते. आणि ग्राइंडरचं हादरणं दिवसभर स्क्रू थोडा थोडा ढिला करत असतं. जुन्या घरांत अॅल्युमिनिअमची वायर असेल तर आणखी वाईट. अॅल्युमिनिअम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि स्क्रूखाली हळूहळू दबून पसरतं, त्यामुळे आज घट्ट केलेला जोड काही काळाने सैल होतो. तांब्याची आणि अॅल्युमिनिअमची वायर नुसती पीळ देऊन जोडलेली दिसली तर तिथे संशयाची खूण करून ठेवा.

घड्याळ बघून बंद पडणारं

रोज संध्याकाळी सात ते दहा या वेळेतच त्रास होतो, दुपारी होत नाही, असं वहीत निघालं तर घरातलं काही उघडू नका. दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजमध्ये आहे. त्या वेळी सगळं गाव लाईट वापरतं, डीपीवर ओढ येते, व्होल्टेज खाली जातं. नवरात्रात किंवा अश्विन पौर्णिमेला तुळजापुरात एवढी गर्दी असते की प्रत्येक लॉज, प्रत्येक हॉटेल आपली सगळी मशीनं एकदमच चालवतं.

आपल्याकडे घरगुती जोडणीला २३० व्होल्ट अपेक्षित आहे आणि त्यात ६ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. १८० व्होल्ट आलं तर काय होतं? आपण म्हणतो, थोडंच कमी आहे की! पण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत कमी होते. १८० भागिले २३० म्हणजे ०.७८, त्याचा वर्ग ०.६१. म्हणजे २००० वॉटचा बॉयलर १२२० वॉटच्या आसपासच काम करतो, आणि मोटरचा सुरू व्हायचा जोरही तेवढाच घटतो. भिजवलेल्या तांदळाने भरलेला ग्राइंडर मग नुसता गुणगुणतो, फिरत नाही. फिरत नाही पण करंट ओढत राहतो, गरम होतो, आतलं संरक्षक बटण त्याला बंद करतं. मालक म्हणतो लाईट येत नाही. लाईट येते, अर्ध्या पोटी येते.

मळ्यात किंवा वस्तीवर भट्टी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा असतो. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाईट ठरावीक तासच असते, पाळीपाळीने. तुमची लाईन कोणत्या फीडरवर आहे हे वायरमनला विचारा, निम्मं कोडं तिथेच सुटेल.

दुसरं मशीन चालू केलं की हे बंद

यात दोन वेगळी कारणं असतात. पहिलं म्हणजे बारीक वायर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध एका किलोमीटरला साधारण १२ ओहम. बोर्ड मेनपासून ३० मीटर लांब असेल तर जायचे ३० आणि यायचे ३०, असे ६० मीटर. रोध झाला ०.७२ ओहम. १५ अँपिअर ओढले की जवळजवळ ११ व्होल्ट वायरीतच संपले. चार चौरस मिलिमीटरची वायर असती तर चारच व्होल्ट गेले असते. आणि मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते, म्हणून त्या क्षणी दिवा लुकलुकतो आणि आधीच दमलेलं दुसरं मशीन थांबतं.

दुसरं कारण एमसीबी. मुलं विचारतात, "सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाला लगेच पडतो का?" नाही पडत. घरगुती एमसीबीचा नियम असा की क्षमतेच्या १.१३ पटीपर्यंत तो तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे. सोळासाठी हे आकडे १८ आणि २३ होतात. मधल्या पट्ट्यात, म्हणजे २० अँपिअर चालू असतील तर तो दहा मिनिटांनी पडेल, चाळीस मिनिटांनी पडेल किंवा पडणारही नाही. त्याच्या आत दोन वेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी तापली की वाकते आणि खटका पाडते. एप्रिल-मे महिन्यात, चुलीशेजारी बसवलेला एमसीबी आधीच तापलेला असतो, तो लवकर पडतो. म्हणून उन्हाळ्यातच पडणारा एमसीबी खराबच आहे असं लगेच म्हणू नका. आणि तो पडतो म्हणून सोळाच्या जागी बत्तीसचा बसवणं हा उपाय तर मुळीच नाही. वायर तीच राहते, मग पडायच्या ऐवजी भिंतीतली वायर जळते.

ओल धरल्यावर, फरशी धुतल्यावर, पावसाळ्यात खटका पडत असेल तर तो बहुधा गळतीचा खटका असतो. लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तरी तो पडतो, म्हणजे कुठूनतरी वीज भलत्या वाटेने, मशीनच्या पत्र्यातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चालली आहे. बॉयलरची जुनी कॉइल हे त्याचं ठरलेलं ठिकाण. हा खटका "सारखा त्रास देतो" म्हणून काढून टाकलेली हॉटेलं असतात. तो त्रास देत नाही, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या भांडी घासणाऱ्या बाईचा जीव राखतो.

लाईट आहे, पण मशीनच थांबतं

कधी वाटेत काहीच बिघाड नसतो. डीप फ्रीज बघा. लाईट जाऊन लगेच परत आली की आत कॉम्प्रेसरमध्ये गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो. कॉम्प्रेसर जोर लावतो, फिरू शकत नाही, संरक्षक 'टक' करून त्याला बंद करतो. काही वेळाने पुन्हा 'टक'. हे ऐकून घाबरू नका. फ्रीज बंद करून पाच मिनिटं थांबा, मग लावा. तीन मिनिटं उशिराने लाईट सोडणारा स्टॅबिलायझर याचसाठी असतो.

खव्याच्या मशीनची मोटर थ्री फेज असेल तर ती बोअरच्या मोटरची बहीण समजा. तीनपैकी एक फेज गेला तर फिरणारी मोटर फिरत राहू शकते, पण उरलेल्या दोन फेजमधून जास्त ओढते, तापते आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले पडतो. थांबलेली मोटर मात्र सुरूच होत नाही, गुणगुणते. बोअरला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवणारे आपले शेतकरी खव्याच्या मोटरला तो बसवत नाहीत, याचं मला नवल वाटतं. भट्टीवाल्यांनी एक साधी सोयही करून ठेवावी. मोटरबरोबरच एक बल्ब किंवा भोंगा असा जोडून घ्यावा की मोटर थांबली की लगेच कळेल आणि जाळ ओढता येईल.

न्यूट्रल ढिला झाला तर

हा भाग सावकाश वाचा. हॉटेलला थ्री फेज मीटर असेल आणि मुख्य न्यूट्रलचा जोड, मीटरजवळ किंवा खांबावर, ढिला झाला तर फार विचित्र गोष्टी दिसतात. बॉयलर लावला की दुसऱ्या खोलीतले दिवे मंद होण्याऐवजी एकदम जास्त पेटतात! पंखा जोरात फिरतो. वाऱ्याची झुळूक आली की कमी-जास्त होतं.

असं का? परतीची वाट बंद झाली की एका फेजवरचं मशीन आणि दुसऱ्या फेजवरचं मशीन एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि दोघांत मिळून ४०० व्होल्ट वाटले जातात. वाटणी रोधाप्रमाणे होते. एका फेजवर २००० वॉटचा बॉयलर आणि दुसऱ्यावर २०० वॉटचं छोटं मशीन असेल तर छोट्याचा रोध दहापट. म्हणून ४०० चे अकरा भाग करा, त्यातले दहा छोट्याला. म्हणजे ३६० च्या वर व्होल्ट! फ्रीज, टीव्ही, मोबाइलचे चार्जर एका मिनिटात जातात. दिवे जास्त पेटलेले दिसले की वही वगैरे बाजूला ठेवा, तडक मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

आता टेस्टरची गोष्ट. आपल्याकडे टेस्टर पेटला म्हणजे "लाईट हाय" असा निकाल लागतो. टेस्टर पेटायला अगदी नगण्य करंट पुरतो. कळकट, सैल जोडातूनही तेवढा येतो. मशीनला दहा अँपिअर लागतात, ते त्या जोडातून येत नाहीत. म्हणून टेस्टर पेटतो आणि मशीन चालत नाही, यात काहीच कोडं नाही. दुसरं, परतीची वाट आहे की नाही हे टेस्टर सांगतच नाही. पण एक खूण मात्र देतो. बोर्डावर काहीतरी चालू स्थितीत जोडलेलं असताना सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला, तर न्यूट्रल तुटला आहे असं समजा. फेज मशीनमधून फिरून दुसऱ्या भोकापर्यंत आलेला असतो, पुढे जायला वाट नसते. हे वायरमन लोकांना पाठ असतं, घरच्यांनाही माहीत असावं.

मीटरने मोजतानाही हीच गफलत होते. मशीन बंद असताना सॉकेटवर २३० दिसतं, सगळे खूश. वायरमनला आग्रह करा की मशीन चालू ठेवून मोजा. चालू केल्यावर २३० चं १९० झालं तर वाटेत कुठेतरी ४० व्होल्ट गळताहेत. मग तेच मोजमाप मेनजवळ करायचं. तिथे २२५ असेल तर दोष मेन आणि सॉकेटच्या मध्ये आहे. तिथेही १९० असेल तर तो मीटरच्या आधी, बाहेर आहे.

कोणी काय करायचं

वही लिहिणं, बटण बंद करून पिन काढून बघणं, पिन गरम आहे का, काळी पडली आहे का हे पाहणं, मशीन दुसऱ्या बोर्डावर लावून बघणं, शेजारी विचारणं, एवढं घरच्यांनी करावं. बोर्ड उघडणं, चालू लाईनवर मोजणं, जोड घट्ट करणं हे परवानाधारक वायरमनचंच काम. खांबावर चढायचं किंवा डीपीवरचा डीओ आपणच टाकायचा, हे गावोगाव चालतं आणि त्यात माणसं जातात. मीटरपर्यंतचा दोष महावितरणचा, मीटरनंतरचा आपला. बाहेरचा दोष निघाला तर १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्याच वहीत लिहून ठेवा. "लाईट नीट येत नाही" अशी तक्रार असेल तर माणूस येऊन बल्ब बघून जाईल. "रोज संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ मीटरजवळ १८५ व्होल्ट मिळतं, शेजारच्या तीन घरांतही तेच, आठ दिवसांच्या नोंदी आहेत" असं सांगितलं तर त्याला डीपीपर्यंत जावं लागेल.

वर्गात घेण्यासाठी

शिक्षक मित्रांनो, मुलांना सॉकेटला हात न लावता एवढं काम देता येईल. घरातल्या प्रत्येक मशीनच्या पत्र्यावरचे वॉट वाचून या, एका बोर्डावरच्या सगळ्यांची बेरीज करा, २३० ने भागा. उत्तर सोळाच्या वर कोणाचं येतं? मग फळ्यावर हे तीन प्रसंग लिहा आणि गटात चर्चा घ्या.

फ्रीज रात्रीच बंद पडतो, शेजारच्यांचाही पडतो. दोष वाटेच्या कोणत्या भागात?

मिक्सर या बोर्डावर थांबतो, त्या बोर्डावर दिवसभर चालतो. मिक्सर दुरुस्तीला द्यायचा का?

बॉयलर लावला की समोरच्या खोलीतला बल्ब लखलखीत होतो. सगळ्यात आधी काय कराल?